पहिला फटका कोठून?

बीड जिल्ह्याला गोल्फच्या हिरवळीपेक्षा उसाच्या फडावर निघालेल्या बैलगाड्या अधिक परिचयाच्या. तरीही धनिकांच्या समजल्या जाणाऱ्या या खेळाने आम्हांस बीडच्या मुलांविषयी विचार करावयास लावले आहे.

गोल्फमधील पहिला फटका ‘टी’वरून मारतात. फटका खेळाडूचा, त्याची अवघडता मात्र बरीचशी मैदान मांडणाऱ्याच्या हाती असते. टीच्या खुणा मागे नेल्या की अंतर वाढते. कापलेल्या गवताचा पट्टा अरुंद केला आणि कडेचे गवत वाढू दिले, की किंचित चुकलेला चेंडूही रुतून बसतो. १९९९ साली स्कॉटलंडमधील कार्नुस्टी येथे ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठी मैदान असेच कठोर केले होते. तेथे विजेत्यालाही चार फेऱ्यांत ठरावापेक्षा ६ फटके अधिक लागले.

अरुंद पट्टा सर्वांना सारखाच अरुंद. त्याचा जाच मात्र सारखा नसतो. निष्णात खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला मैदान किती अधिक जड जाते, हे गोल्फमध्ये ‘स्लोप’ या आकड्याने मोजतात. तो ५५ ते १५५ असतो. ११३ हा प्रमाण आकडा. त्यानुसार खेळाडूला सवलतीचे फटके मिळतात.

बीडमधील असंख्य कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. सोबत गेलेल्या मुलांची शाळा ऐन वर्षात सुटते. पुढे परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र सर्वांना एकच! त्यांचे गुण पाहून ‘मूल मंद आहे’ असे आम्हीही कधीकाळी म्हटले आहे. आज त्याची लाज वाटते.

कोणी विचारील, मग कसोटीच सोपी करावी काय? मुळीच नव्हे. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळविले, ते इतरांच्याच ९१.४ सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांवरून. गोल्फमध्येही नवख्यासाठी टी पुढे आणतात, पण चेंडू शेवटी त्याच ४.२५ इंची खळग्यात पडावा लागतो. पालक फडावर असताना मुलाला गावातच ठेवणारे हंगामी वसतिगृह म्हणजे अशीच पुढे आणलेली टी होय.

गुणपत्रिकेवर ‘स्लोप’ छापलेला नसतो. तो वाचणाऱ्याने मनाशी मांडावयाचा असतो. चेंडू कोठे पडला हे सर्वांनाच दिसते. तो कोठून मारला गेला, हे विचारणे मात्र आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.