नाव परतले, माणसे नाहीत

कार्लोवी वारीत तेप्ला नदीच्या काठाने वर चालत गेले की दोन्ही बाजूंच्या टेकड्या जवळ येऊ लागतात आणि टोकाशी ग्रँडहॉटेल पुपची पांढरी इमारत दिसते. चेक देशातले हे गाव गरम झऱ्यांवर जगत आले आहे. मुख्य झऱ्याचे पाणी सुमारे ७३ अंश सेल्सिअस असते आणि त्याचा फवारा १२ मीटरपर्यंत उडतो. हातात चोचीचा पेला घेऊन, खांबांच्या ओवऱ्यांतून फिरत लोक आजही ते खारट पाणी घोट घोट पितात. मीही प्यालो. हे हॉटेल या पाण्यातूनच जन्मले, हे तिथे फिरताना उमगले.

पूर्वी इथला उपचार काही आठवडे चालायचा. पाणी पिऊन आणि चालून झाल्यावर उरलेला दिवस घालवायला संगीत, नाच आणि गप्पा हव्या असत. त्यासाठी १७०१ मध्ये इथे सॅक्सन हॉल बांधला गेला आणि पुढे शेजारी बोहेमियन हॉल उभा राहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गेओर्ग पुप या मिठाई बनवणाऱ्या कारागिराने इथे पाय रोवले. त्याच्या वंशजांनी आसपासच्या जागा घेत व्याप वाढवला. रेल्वे आल्यावर पाहुणे वाढले आणि व्हिएन्नाच्या फेलनर व हेल्मर या वास्तुकारांनी हॉटेलला आजचे भव्य रूप दिले.

इथवरची कथा उत्कर्षाची आहे. पुढची सांगताना मात्र मन जड होते.

त्या काळी कार्ल्सबाड म्हणून ओळखले जाणारे हे गाव मुख्यतः जर्मनभाषकांचे होते. १९२१ आणि १९२३ मध्ये जगभरच्या ज्यूंची झायोनिस्ट काँग्रेस इथे भरली. १९३८ मध्ये म्युनिक करारानंतर नाझी आले आणि त्याच नोव्हेंबरात गावातले सिनेगॉग जाळले गेले. महायुद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनांना घालवून देण्यात आले. त्यांत या गावचे लोकही होते. हॉटेल सरकारी झाले आणि १९५१ पासून ते ‘मॉस्क्वा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९८९ च्या सत्तांतरानंतर ‘पुप’ हे नाव परत आले. २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये तर याच वास्तूने माँटेनेग्रोतल्या हॉटेलची भूमिका केली.

नाव परत आले याचा मला आनंद वाटतो. पण पाटी पुन्हा लावणे सोपे असते. जाळलेले प्रार्थनास्थळ आणि उठवलेली घरे तशी परत येत नाहीत. नाझींच्या अत्याचारांनी चेक मनात पेटलेला संताप मला समजतो. तरीही त्या संतापाची किंमत लहान मुलांनीही मोजली, हे विसरता येत नाही. एका अन्यायाचे स्मरण ठेवायचे म्हणून दुसऱ्यावर पडदा टाकावा, असे मला वाटत नाही.

कार्लोवी वारीचा इतिहास सांगताना ग्योथे आणि बेटहोवन यांची नावे चटकन ओठांवर येतात. त्यांचा मुक्काम स्वेच्छेचा होता आणि निरोपही. ज्यांना स्वतःच्याच गावातून जावे लागले, त्यांच्यासाठीही त्या इतिहासात जागा हवी. एवढे मोठे दुःख सामावून घेण्याइतकी ही वास्तू भव्य आहे, आणि तिथे कौतुकाने उभे राहणाऱ्याने ते जाणून घेणे हे मी त्याचे कर्तव्य समजतो.