तिसऱ्या तबकडीचं म्हणणं

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' दुबईकडे झेपावलं. ताफ्यातलं हे पहिलं जम्बो जेट, १९७१ साली आलेलं. किनारा ओलांडताना ते उजवीकडे वळलं, सरळ झालं, मग डावीकडे कलतच गेलं आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. उड्डाण होऊन १०१ सेकंद झाली होती. १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी, कुणीही वाचलं नाही.

आधी संशय घातपाताचा आला. पण तिथला समुद्र उथळ होता. अवशेष वर आले, कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण मिळालं आणि तपास कॅप्टनसमोरच्या एका तबकडीपाशी येऊन थांबला. तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात. विमान किती आणि कुठल्या बाजूला कललंय, हे ती दाखवते. दिवसा खिडकीतून खरं क्षितिज दिसतं, पण रात्री समुद्रावर आकाश आणि पाणी दोन्ही काळंच. कानातल्या द्रवावर शरीराचा तोल चालतो, पण विमान सावकाश कललं तर त्या द्रवाला पत्ताही लागत नाही. माणसाला वाटतं, आपण सरळच बसलोय.

कॅप्टन मदनलाल कुकर यांची तबकडी उजव्या कलावर अडकली होती. उपकरण बिघडलंय हे त्यांच्या लक्षात आलं, ते तसं बोललेही. सहवैमानिकाच्या उत्तराचा आशय असा होता : माझंही उलटलंय, ठीक दिसतंय. एकाच वाक्यात दोन विरुद्ध गोष्टी! त्याची तबकडी बहुधा बरोबर होती, पण दोन्ही तबकड्या उजवा कल दाखवताहेत असा समज कॅप्टनचा झाला असावा. त्यांनी विमान आणखी डावीकडे वळवलं. मधोमध तिसरी, राखीव तबकडीही होती. तुमच्या तबकडीवर जाऊ नका, असं फ्लाइट इंजिनिअर सांगत होता, पण तोवर हातात पाचेक सेकंदच उरली होती.

भारतातल्या चौकशीने ठपका ठेवला तो उपकरण बिघडल्यानंतरच्या चुकीच्या हाताळणीवर. अमेरिकेत सिॲटलच्या न्यायालयाने बोइंग आणि उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांवरचे निष्काळजीपणाचे आरोप १९८५ मध्ये फेटाळले. भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न न्यायालयापुरता रास्तच आहे. पण मला त्या १०१ सेकंदांत वेगळंच दिसतं. खरी माहिती कॉकपिटमध्येच होती, ती निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेत आणि स्पष्ट शब्दांत पोचली नाही.

त्याआधी नऊ महिने टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो धडकून ५८३ माणसं मेली होती. तिथेही धावपट्टी मोकळी आहे का, ही शंका इंजिनिअरने बोलून दाखवली होती आणि ती उडवून लावली गेली. १९७९ मध्ये नासाने याच विषयावर कार्यशाळा घेतली. पुढे विमान कंपन्या वैमानिकांना दोन गोष्टी शिकवू लागल्या : कनिष्ठाने ठामपणे टोकायचं आणि वरिष्ठाने ते ऐकायचं.

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावापासून समुद्र फार लांब, पण वरिष्ठाला न टोकण्याची ही अडचण तिथेही ओळखीची आहे. मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे आपण घरातच शिकतो. ऑपरेशन थिएटरमधली नर्स, कचेरीतला कारकून, सभेतला नवखा सदस्य, चूक दिसूनही गप्प बसतात. मग 'मला तेव्हाच वाटलं होतं' हे वाक्य नंतर ऐकू येतं. एसटीत मात्र कंडक्टरने एक घंटी दिली की ड्रायव्हर थांबतो, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही, कारण तो नियमच आहे.

धीट माणूस प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही, म्हणून नियम लागतो. टोकणाऱ्याला उद्धट न ठरवणारी व्यवस्था आपल्या संस्थांत किती ठिकाणी आहे, हे अपघात होण्याआधी विचारायला हवं. अपघातानंतर हाच प्रश्न चौकशी समिती विचारते, आणि तोवर उत्तर ऐकायला बरेच जण उरलेले नसतात.