ठरलेल्या घरावर दुसरी बोली

इंग्लंडमधल्या कुठल्याही वस्तीत घरांपुढे खांबांवर एजंटांच्या पाट्या दिसतात. आधी ‘फॉर सेल’, मग काही दिवसांनी त्याच पाटीवर नवी पट्टी चढते : ‘अंडर ऑफर’ किंवा ‘सोल्ड एसटीसी’. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी गेलेले आणि आता तिकडे स्वतःचे घर शोधणारे मराठी जोडपे ती पट्टी वाचून पुढे निघते. घर गेले, असा त्यांचा समज होतो. कायद्याच्या नजरेत मात्र ते घर गेलेले नसते. ‘एसटीसी’ म्हणजे ‘सब्जेक्ट टु कॉन्ट्रॅक्ट’, करार होण्याच्या अधीन. मालकाने कुणाला तरी ‘हो’ म्हटले आहे, एवढेच ती पट्टी सांगते. आणि हे ‘हो’ तो दुसऱ्या दिवशी मागे घेऊ शकतो.

जमिनीचा व्यवहार नुसत्या तोंडी शब्दावर कोर्टात टिकू नये, हा विचार इंग्लंडमध्ये 1677 च्या ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’पासून चालत आला आहे. खोटे साक्षीदार उभे करून कुणाची जमीन लाटता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. 1989 च्या कायद्याने हा नियम आणखी घट्ट केला : सगळ्या अटी लेखी हव्यात, दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, नाहीतर करारच अस्तित्वात येत नाही. हेतू चांगला होता. पण त्यामुळे शब्द दिल्याचा दिवस आणि सह्यांच्या प्रती एकमेकांना देण्याचा दिवस, म्हणजे ‘एक्स्चेंज’, यांच्यामध्ये कित्येक आठवड्यांची, पुष्कळदा महिन्यांची मोकळी जागा तयार झाली.

या मोकळ्या जागेत खर्च होतो तो खरेदीदाराचा. तो सर्व्हेअरला बोलावून छत, ओल, पाया तपासून घेतो. त्याचा वकील स्थानिक नगरपालिकेकडून रस्ते, बांधकाम परवाने यांचे आणि पाणी कंपनीकडून सांडपाण्याचे शोध मागवतो. बँक कर्जाआधी घराचे मूल्यांकन करते. शेकडो पौंड जातात, मोठ्या घराला हजारांवर. मालकाचा खर्च त्या मानाने किरकोळ. अशा वेळी तिसराच माणूस दहा हजार पौंड जास्त देऊ करतो आणि मालक त्याच्याकडे वळतो. याला तिकडे ‘गॅझम्पिंग’ म्हणतात. पहिल्या खरेदीदाराचे पैसे बुडतात आणि त्याला दाद मागायला जागा नसते. एजंटलाही दोष देता येत नाही, कारण तो मालकाचा माणूस. आलेली प्रत्येक बोली मालकापर्यंत पोचवणे त्याच्यावर बंधनकारक असते. मालकानेच ‘आता नको’ असे बजावले असेल तर गोष्ट वेगळी.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि हा प्रकार इतका बोकाळला की विधी आयोगाला त्याचा अभ्यास करावा लागला. 1975 च्या अहवालात आयोगाने कायदा बदलण्याची शिफारस केली नाही. बाजार पडतो तेव्हा नेमके उलटे होते : ऐन सह्यांच्या वेळी खरेदीदार किंमत पाडून मागतो, आणि पुढचे घर ठरवून बसलेला मालक अडकतो. म्हणजे मोकळी जागा फक्त मालकाच्या फायद्याची नाही. ज्याची बाजू त्या क्षणी वरचढ, तो तिचा फायदा उठवतो. पंचाईत अशी की एकाचे घर विकले जाण्यावर दुसऱ्याची खरेदी अवलंबून असते, त्याच्यावर तिसऱ्याची. एका सौद्यातला शब्द फिरला की सगळी साखळी कोसळते.

हा इंग्रजांच्या स्वभावाचा दोष आहे असे कुणाला वाटले तर त्याने स्कॉटलंडकडे पाहावे. एकच बेट, भाषा तीच, कायद्याचा हा मुद्दाही जवळपास तोच. 1995 च्या स्कॉटिश कायद्यानुसारही जमिनीचा व्यवहार लेखी असावाच लागतो, आणि दोन्ही वकिलांमध्ये ‘मिसिव्ह’ नावाच्या पत्रांची देवाणघेवाण पुरी होईपर्यंत कुणीही बांधलेले नसते. तरी तिथे ठरलेल्या घरावर दुसरी बोली घेतली जाण्याचा प्रकार क्वचित घडतो. कारणे कामाच्या पद्धतीत आहेत. घर आवडले की खरेदीदाराचा वकील मालकाच्या वकिलाकडे आपल्या अशिलाची उत्सुकता नोंदवतो. उत्सुक बरेच असले तर एक तारीख ठरते, त्या तारखेपर्यंत सगळ्यांनी बंद बोली द्यायच्या. कुणी किती दिले हे दुसऱ्याला कळत नाही, आणि सर्वांत मोठी बोलीच घ्यायची अशी मालकावर सक्तीही नाही. चढाओढ जी काय व्हायची ती त्या दिवशी उरकते.

दुसरे कारण अधिक मोलाचे. स्कॉटलंडमधल्या वकिलांच्या संघटनेचा दंडक असा की एकाची बोली स्वीकारल्यावर अशिलाला नंतर आलेली जास्तीची बोली घ्यायची असेल, तर वकिलाने त्याचे काम सोडावे. मालक मोकळाच राहतो, पण शब्द फिरवण्यासाठी त्याला नवा वकील शोधावा लागतो, पुन्हा वेळ आणि पैसा घालावा लागतो. पुष्कळांचा मोह तेवढ्यानेच ओसरतो. शिवाय 1 डिसेंबर 2008 पासून घर बाजारात आणतानाच मालकाने ‘होम रिपोर्ट’ तयार ठेवायचा असतो, त्यात सर्व्हेअरची पाहणीही येते. त्याआधी एकाच घरासाठी पाच जणांनी पाच पाहण्या करवायच्या आणि चौघांचे पैसे वाया जायचे, असे होत असे.

इंग्लंडनेही हा रस्ता धरून पाहिला. 2007 मध्ये ‘होम इन्फर्मेशन पॅक’ सक्तीचे झाले. पण घराच्या स्थितीची पाहणी, जी त्यात मुख्य असायला हवी होती, ती आधीच ऐच्छिक करून टाकली होती. परिणामी खरेदीदाराला स्वतःचा सर्व्हेअर आणावा लागायचाच. मे 2010 मध्ये नव्या सरकारने ही योजना थांबवली. अर्धवट उपाय करून तो फसला की मूळ उपायच बदनाम होतो. इथे तेच झाले.

कोर्टांनी एक चिंचोळी वाट मोकळी ठेवली आहे. 1992 च्या ‘वॉलफोर्ड विरुद्ध माइल्स’ खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की ‘आपण सद्भावनेने बोलणी करू’ असा करार बंधनकारक होत नाही. पण ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही, असे ‘लॉक-आउट’ वचन मोबदल्यासह दिले असेल तर ते टिकते. पुढच्याच वर्षी ‘पिट विरुद्ध पीएचएच अॅसेट मॅनेजमेंट’ या खटल्यात ते प्रत्यक्ष घराच्या बाबतीत दिसले. दोन खरेदीदार एकाच घरावर चढाओढ करत होते. वैतागलेल्या एकाने मालकाकडून दोन आठवड्यांची हमी मिळवली, आणि त्या मुदतीत आपण सह्या करायला तयार राहू असे स्वतः कबूल केले. मालकाने घर दुसऱ्यालाच दिले. अपील कोर्टाने ही हमी बंधनकारक ठरवली. यात घर मिळत नाही, नुकसानभरपाई मिळते. तरी केलेला खर्च वसूल होण्याची सोय तेवढी होते.

आता महाराष्ट्राकडे. इथे विसार दिला की सौद्याला वजन येते. आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो की विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. पण विक्रीचा करार लेखीच हवा, असे तो कायदा म्हणत नाही. तोंडी करारही सिद्ध करता येतो, जरी सिद्ध करणे फार कठीण असले तरी. त्याहून महत्त्वाची तरतूद 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात आहे : पहिल्या कराराची माहिती असताना ज्याने नंतर ती मालमत्ता घेतली, त्याच्याविरुद्धही पहिला खरेदीदार कराराची पूर्तता मागू शकतो. माहिती नसताना, प्रामाणिकपणे पैसे मोजून घेणाराच यातून सुटतो. म्हणून तर वर्तमानपत्रांत वकिलांच्या जाहीर नोटिसा येतात, अमुक फ्लॅटवर कुणाचा हक्क, बोजा वा विसार असल्यास चौदा दिवसांत कळवावे. म्हणून दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन चाळली जाते.

फरक केवढा आहे! इंग्लंडमध्ये घरापुढची पाटी सगळ्या गल्लीला सांगते की इथे आधी कुणाची तरी बोली आहे, आणि तरीही दुसऱ्या खरेदीदाराला कसलीच जोखीम नाही. आपल्याकडे ‘मला माहीत होते’ हीच गोष्ट त्याच्या अंगाशी येऊ शकते. तत्त्व म्हणून आपली बाजू अधिक न्याय्य आहे, यात शंका नाही. मात्र ती न्यायालयातून मिळवायला वर्षे जातात, आणि दावा प्रलंबित असेपर्यंत घर कुणाच्याच कामाचे राहत नाही. आपल्याकडे हक्क आहे आणि वेग नाही. स्कॉटलंडने कराराच्या कायद्याला हात न लावता कागदपत्रांचा क्रम बदलून पुष्कळ काही साधले.

मग इंग्लंडमध्ये घर शोधणाऱ्या त्या जोडप्याने पट्टी लागलेल्या घरावर बोली द्यावी का? द्यावी, पण कशी, यावर सगळे आहे. ‘पहिला सौदा मोडला तर आमची ही बोली विचारात घ्या’ असे एजंटला लेखी कळवण्यात काहीही गैर नाही. पुष्कळ सौदे कर्ज न मिळाल्याने किंवा पाहणीत दोष निघाल्याने मोडतात, आणि असा दुसरा खरेदीदार तयार असला तर मालकाचीही सोय होते. पहिल्याने अजून सर्व्हेअर बोलावला नसेल, काही खर्चच केला नसेल, तर जास्तीची बोली ही कठोर असली तरी स्पर्धाच आहे. पण त्याने पाहणी केली, कर्ज मंजूर करून घेतले, वकील लावला, आणि हे माहीत असूनही केवळ तो सौदा मोडण्यासाठी वरची किंमत पुढे करणे अन्यायाचे आहे. कायदा परवानगी देतो म्हणून त्यातला अन्याय कमी होत नाही. इतका खर्च झाला आहे का, हे एजंटला सरळ विचारता येते.

ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने घरखरेदीत सुधारणांचे प्रस्ताव चर्चेला ठेवले : घराविषयीची माहिती विक्रेत्याने सुरुवातीलाच द्यावी आणि दोन्ही पक्षांना लवकर बांधणारे करार करता यावेत. ते अमलात येईपर्यंत आपली बोली स्वीकारली गेलेल्याने करायचे ते इतकेच : त्याच दिवशी जाहिरात आणि पाटी उतरवण्याची अट घालावी, सर्व्हेअरला पैसे देण्याआधी वकिलामार्फत मालकाकडून दोन-तीन आठवड्यांची ‘लॉक-आउट’ हमी लेखी घ्यावी, आणि मालक ती द्यायला कां-कूं करत असेल तर पाहणीचा खर्च करण्यापूर्वीच दुसरे घर बघायला निघावे.