खमिराचे देणे

दिवेलागण झाली की शेजारणीला दूध, दही, मीठ किंवा विरजण देऊ नये, असा आपल्या खेड्यापाड्यांतला जुना संकेत आहे. घरची लक्ष्मी त्यावाटे बाहेर जाते, अशी त्यामागची समजूत. गुरुविद्यालयात शिकून आलेल्या आमच्यासारख्याला अशा समजुतींची वासलात एका वाक्यात लावण्याची सवय जडलेली असते, आणि आम्हीही ती वर्षानुवर्षे लावत आलो. परंतु कळमनुरीच्या मुक्कामात असे काही घडले की, विरजण देताना घरातून नेमके काय बाहेर जाते, हा प्रश्न आम्हांला वाटला होता तितका भाबडा नाही, हे ध्यानात आले. वाचकांना तो प्रसंग सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कळमनुरी हा ज्वारीचा आणि हळदीचा मुलूख. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून हा तालुका हिंगोलीत मोडतो. येथला माणूस भाकरीवर जगतो. पाव खायचा तो चहात बुडवून, नाहीतर आजारपणात. आम्ही वसईकडचे. आमच्या लहानपणी लग्नाकार्याला घरोघर फुगे तळले जात, आणि त्या पिठात आजी ताडी घालत असे. ताडीचा तो आंबूस वास हाच आमच्या लेखी सणाचा वास. गोव्यातील पोदेरही पूर्वी माडाच्या सुरेनेच पीठ फुगवीत. पोर्तुगीजांनी ‘पाव’ हा शब्द आणि पदार्थ दोन्ही आणले, पण त्याला लागणारे खमीर मात्र येथल्या माडांनी पुरवले. पुढे बाजारात तयार यीस्ट आले आणि हे सारे मागे पडले.

ते पुन्हा आमच्या वाट्याला आले २०२० सालच्या टाळेबंदीत. शहरांतून यीस्ट मिळेनासे झाले, आणि आमच्या वसईच्या भाचीने काचेच्या बरणीत नुसते गव्हाचे पीठ व पाणी कालवून खमीर धरले. युक्ती फार जुनी आहे. पिठात आणि हवेत असलेले सूक्ष्म जीव त्या कालवणात वाढू लागतात; त्यांतले काही वायू निर्माण करून पीठ फुगवतात, तर काही, दह्यात असतात त्याच कुळातले, ते आंबट करतात. आठवडा-पंधरवड्यात ते कामाजोगे होते. मग रोज त्यातले थोडे ठेवायचे, उरलेले काढायचे, आणि ठेवलेल्याला ताजे पीठपाणी ‘खाऊ’ घालायचे. नीट सांभाळले तर ते वर्षानुवर्षे टिकते. भाचीने त्यातले वाटीभर आम्हांला दिले आणि आम्ही ते एसटीच्या प्रवासात मांडीवर धरून कळमनुरीस आणले.

२०२१ च्या नाताळापासून आम्ही लहानशा विजेच्या भट्टीत पाव भाजून आमच्या धर्मकुटुंबांना भेट देऊ लागलो. घरे बोटांवर मोजण्याइतकीच. त्यामुळे चार दिवसांत काम उरके. लोकांना कौतुक वाटे. फादरांनी स्वतःच्या हातांनी पाव केला, ही वार्ता शेजारच्या घरांतही जाई. आम्हांला ते आवडत असे, हे कबूल करायला हवे.

दुसऱ्या वर्षी एका मावशींनी पाव हातात घेतला, हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, “फादर, पाव लई चांगलाय. पण मला ह्याचं इरजण द्या की. मी घरीच करीन.” आम्ही हसून म्हटले, “देऊ मावशी, पुढच्या वेळी.” पुढच्या वेळी आम्ही विसरलो. त्याच्या पुढच्या वेळी म्हटले की, त्याची निगा फार असते, तुम्हांला जमायचे नाही. ज्या बाईने चार लेकरे आणि दोन म्हशी वाढवल्या, तिला बरणीभर पिठाची निगा जमायची नाही, असे आम्ही म्हणालो, हे त्या रात्री झोपताना आमचे आम्हांलाच विचित्र वाटले.

का दिले नाही? वास्तविक यात देणाऱ्याचे काहीच जात नाही. रोज जे काढून टाकायचे, त्यातलेच वाटीभर द्यायचे. प्रभू येशूने मंदिराच्या भांडारापाशी बसून विधवेची दोन नाणी श्रीमंतांच्या दानाहून मोठी ठरवली, ती देणाऱ्यापाशी मागे काय उरले हे पाहून. त्या मापाने खमीर देणारा कसलेच दान करत नाही. त्याची बरणी संध्याकाळपर्यंत पुन्हा काठोकाठ भरते. उलट पावासाठी आम्ही पीठ, वीज आणि दोन रात्रींचे जागरण खर्च करत होतो. मग जे महाग ते आम्ही आनंदाने देत होतो आणि जे फुकटचे ते देववत नव्हते, हे कसे?

पाव खाऊन संपतो, आणि पाव नेणारा पुढच्या नाताळाला पुन्हा आमच्या हाताकडे पाहतो. खमीर नेणाऱ्याला पुन्हा यावे लागत नाही. आमच्या बरणीतून काहीच कमी होणार नव्हते. जे जाणार होते ते आमचे दातेपण. लक्ष्मी बाहेर जाते म्हणणाऱ्या आजीबाईंना यातले काहीतरी नक्कीच कळले असावे.

येथे कोणी म्हणेल की, म्हणूनच गरिबाला भाकरी देऊ नये, भाकरी करायला शिकवावे. अशी वचने व्याख्यानांतून फार ऐकू येतात, आणि ती ऐकवणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. पुढे एकदा आम्ही या विषयावर मावशींशी बोललो, तेव्हा त्यांनी आमची चूक दुरुस्त केली. त्यांचे माहेर गावकुसाबाहेरचे. “वाड्यावर माझी माय ताक मागाया जायची. वरून वतायचे, आम्ही खाली भांडं धरायचं. ताक मिळायचं, इरजण कुणी दिलं न्हाई.” आम्हांला वाटले, आमच्या विचाराला हा पुरावाच मिळाला. तसे आम्ही बोलूनही दाखवले. त्यावर त्या म्हणाल्या, “तसं न्हाई फादर. इरजण दिलं असतं तरी लावायचं कशाला? दूध कुठं व्हतं?”

१९७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. माय खडी फोडायला जाई, आणि कामावर मिळणारी सुकडी ओच्यात बांधून आणी. परदेशातून आलेला तांबडा मिलो त्या दिवसांत लोकांनी नाके मुरडीत का होईना खाल्ला, आणि जगले. त्या दिवसांत कोणी खमिराची वाटी घेऊन दारी आला असता, तर ती थट्टा झाली असती. ज्याच्या घरी पीठ नाही त्याला आधी पीठ, आणि ज्याला आज भूक आहे त्याला आजच भाकरी दिली पाहिजे. यात पुढेमागे पाहण्याचे कारण नाही. आमचा दोष निराळा होता. मावशींच्या घरी पीठ होते, हात होते, इच्छा होती, आणि तरीही आम्ही त्यांना पावच देत राहिलो. वाड्यावरचे लोक ताक वरून ओतत. आम्ही पाव दोन्ही हातांनी देत होतो, म्हणून आमच्या देण्यातला वरचेपणा आम्हांला दिसला नाही.

पवित्र शास्त्रात खमीर सरसकट चांगले नाही. मिसर देशातून निघताना इस्राएली लोकांना पीठ आंबेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. वल्हांडणाची भाकर बेखमीर. संत पौल करिंथकरांना जुने खमीर काढून टाकायला सांगतो, आणि प्रभू आपल्या शिष्यांना परुश्यांच्या खमिरापासून सावध करतो. पण लेवीय पुस्तकात सप्ताहांच्या सणाला दोन भाकरी अर्पण करायच्या त्या मात्र खमीर घातलेल्याच. आणि स्वर्गाच्या राज्याचा दाखला देताना प्रभूला एका बाईचे खमीरच आठवले. तिने ते तीन मापे पिठात घातले. अब्राहामाने तीन पाहुण्यांसाठी सारेला एवढेच पीठ घ्यायला सांगितले होते. तीन मापे म्हणजे आजच्या हिशेबाने चाळीसेक लिटर. एका घराला ते संपायचे नाही, शंभरावर माणसे जेवतील. शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात ती खमीर ‘घालते’ असे नाही, ‘लपवते’ असे आहे. पीठ मळून झाल्यावर खमीर कोणते आणि पीठ कोणते, हे त्या बाईलाही सांगता आले नसते.

प्राचीन रोममध्ये एक प्रथा होती, तिचे नावच ‘फेर्मेंतुम’, म्हणजे खमीर. रविवारी पोपमहोदयांनी अर्पण केलेल्या मिस्सातील पवित्र भाकरीचा अंश शहरातील इतर मंदिरांच्या धर्मगुरूंकडे पाठवला जाई, की आपण एकाच वेदीचे आहोत हे त्यांना जाणवावे. पोप पहिले इनोसंट यांनी सन ४१६ मध्ये गुब्बियो येथील बिशपांना लिहिलेल्या पत्रात या प्रथेचा उल्लेख आहे. दूरच्या धर्मग्रामांत मात्र ते पाठवू नये, असे ते कळवतात. एक तर पवित्र संस्कार फार दूर वाहून नेणे योग्य नाही, आणि दुसरे म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना स्वतः अर्पण करण्याचा अधिकार दिलेलाच आहे. पूर्वेकडील अश्शूरी ख्रिस्तसभेत, आणि तिच्याशी संलग्न असलेल्या केरळातील त्रिशूरच्या ख्रिस्तसभेत, ‘मल्का’ नावाचे पवित्र खमीर जपले जाते. प्रेषितांपासून ते हातोहात आले, अशी त्यांची श्रद्धा. पवित्र गुरुवारी त्यात नवे पीठ मिसळून ते वाढवतात आणि त्याची चिमूट प्रत्येक अर्पणाच्या भाकरीत घालतात. भाकर फुगावी हा तिचा हेतू नसतो.

आम्हांला अधिक विचारात पाडते ते पोप इनोसंट यांचे दुसरे कारण. दूर असलेल्याला आपल्या भाकरीचा तुकडा पोचवत राहण्यापेक्षा त्याला वेदीपाशी उभे राहण्याचा अधिकार देणे, हे केवढे मोठे देणे! आम्ही धर्मगुरू मात्र पुष्कळदा भाजलेला पावच वाटतो. प्रार्थना आम्हीच म्हणायची, निर्णय आम्हीच करायचे, घरातल्या भांडणाचा निवाडाही आमच्याच ओसरीवर. लोक येतात, आणि लोक येतात याचा आम्हांला आनंद होतो.

असो. २०२३ च्या नाताळात आम्ही मावशींना अखेर वाटीभर खमीर दिले. त्यांनी त्यात पहिल्याच दिवशी ज्वारीचे पीठ घातले. आमच्या पोटात गोळा आला. महिन्याभराने त्यांनी पाव पाठवला: जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजलेला, बसका, काळसर, आमच्या पावापेक्षा बराच आंबट. ज्वारीच्या पिठाला गव्हाची चिकाटी नसते, त्यामुळे तो फुगणार तरी किती? “छान आहे,” असे आम्ही कळवले, आणि मनात म्हटले, खमीर वाया गेले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही वार्षिक साधनेसाठी बाहेर गेलो. परतलो तेव्हा उन्हाळ्याने आणि वीज जाण्याने फ्रीज कधीचा बंद पडला होता. बरणी उघडली तर वर गुलाबी-नारिंगी रेघा. असे खमीर वाचवू नये. आम्ही ते बरणीसकट टाकले. वसईला फोन केला, तर भाचीचेही केव्हाच संपले होते.

एका संध्याकाळी आम्ही मावशींच्या दारात उभे राहिलो. मागायला कोणाच्या दारात उभे राहण्याची आम्हांला सवय नाही. शब्द जुळवायला वेळ लागला. त्यांनी ऐकून घेतले, आत दिव्याकडे पाहिले, आणि अवघडून म्हणाल्या, “दिवेलागणीला देत नसतेत, फादर.” समजुतींवरचे आमचे प्रवचन ओठांवर आले होते, ते आम्ही गिळले. “सकाळी येतो,” म्हटले. “तुम्ही कशाला येताव? मीच पाठविते.”

सकाळी त्यांची नात स्टीलचा डबा घेऊन आली. वर सांडशीने दाबून बसवलेले झाकण, आत काळपट, बुडबुडे आलेले खमीर, आणि सोबत फडक्यात बांधलेले दोन मुठी पीठ. “आज्जी म्हणली, आधी ह्याला जेवू घाला.”

तेच आता आमच्या बरणीत आहे. गव्हाचे पीठ घालूनही त्याचा ज्वारीकडचा आंबटपणा पुरता गेलेला नाही. गेल्या नाताळाला भाचीने पुन्हा थोडे मागितले. आम्ही ते कागदावर पातळ पसरून वाळवले, त्याचा चुरा पाकिटात घालून वसईला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसापाशी दिला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाव चांगला झाला आहे, पण रंग आधीसारखा नाही आणि वासही वेगळा येतो. मामा, तुम्ही त्यात काय घातले, असे ती विचारू लागली. ते आमचे नाही, असे आम्ही तिला सांगितले, आणि मावशींचे नाव, त्यांचे घर आणि ते पातेले, सगळे तपशिलाने सांगत बसलो.