यंत्राची आठवण आणि शेजाऱ्याचा विश्वास

ज्या काळीं खेड्यांत लिहितां-वाचतां येणारीं माणसें थोडीं होतीं, त्या काळीं पत्र आलें म्हणजे तें घेऊन लोक शाळामास्तराकडे किंवा उपदेशकाकडे जात असत. मुंबईस गिरणींत कामाला गेलेल्या मुलाची खुशाली, सावकाराची नोटीस, सासरीं दुःखांत असलेल्या मुलीचे चार शब्द, हें सर्व त्या एका मनुष्याच्या डोळ्यांखालून जात असे. त्यानें तें वाचून दाखवावें, उत्तर लिहून द्यावें आणि मग तें विसरून जावें, अशी सर्वांची अपेक्षा असे. जो विसरत नसे व चावडीवर त्याची वाच्यता करी, त्याच्याकडे लोक पुन्हां पत्र नेत नसत. वाचणाऱ्याची विद्या गांवाच्या जितकी उपयोगी पडे, तितकेंच त्याचें विसरणेंहि उपयोगी पडे.

आज हाच प्रश्न नव्या रूपानें आपणांपुढें आला आहे. पत्रें, अर्ज, दाखले व हिशेब आतां संगणकावर होतात. आणि संगणक चालविणारी जी मूळ व्यवस्था, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिच्यांतच मनुष्यानें यंत्रावर काय काय केलें ह्याची नोंद ठेवणारें सॉफ्टवेअर येऊं लागलें आहे. अशी नोंद ठेवणें योग्य कीं अयोग्य, आणि योग्य असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

अशा नोंदी ही अगदीं नवी गोष्ट नव्हे. उबंटू नांवाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्यें झाइटगाइस्ट नांवाचें सॉफ्टवेअर कोणती फाइल केव्हां उघडली ह्याची टिपणवही ठेवीत असे. २०१२ सालच्या १२.०४ ह्या आवृत्तींत ती वही बंद करण्याची व पुसून टाकण्याची सोय देण्यांत आली. विंडोज १० मध्यें २०१८ सालीं टाइमलाइन नांवाची सोय आली, व तिच्यांत मागील कामें तारीखवार मांडून दाखविलीं जात. परंतु मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २० मे २०२४ रोजीं रिकॉल नांवाची जी सोय जाहीर केली, ती ह्याहून फार पुढची आहे. ती कोपायलट प्लस ह्या नांवानें विकल्या जाणाऱ्या नव्या संगणकांसाठीं आहे. पडद्यावर जें दिसत असेल त्याचें चित्र ती थोड्याथोड्या सेकंदांनीं टिपून ठेविते, चित्रांतील अक्षरें वाचून त्यांची सूचि करिते, आणि मालकानें पुढें अर्धवट आठवणारी गोष्ट आपल्या शब्दांत विचारली तरी तें पान शोधून काढिते. २५६ गिगाबाइट जागेच्या संगणकावर ह्या चित्रांसाठीं २५ गिगाबाइट राखून ठेविले जातील, व तेवढ्यांत सुमारें तीन महिन्यांचीं चित्रें मावतील, असें कंपनीनें त्या वेळीं सांगितलें होतें.

हीं चित्रें संगणकावरच राहतात, बाहेर पाठविलीं जात नाहींत, असें कंपनीचें म्हणणें आहे. परंतु पडद्यावरील पासवर्ड किंवा बँकेच्या खात्याचे आंकडे ह्या चित्रांत झांकले जाणार नाहींत, हेंहि तिनेंच प्रथम कळविलें होतें. लवकरच सुरक्षिततेच्या शास्त्राचे अभ्यासक पाहूं लागले, तेव्हां चित्रांतून काढिलेला मजकूर कुलूप न लावलेल्या पेटींत ठेवावा तसा साध्या अक्षरांत पडून असल्याचें त्यांस आढळलें. मोठा गवगवा झाला. ७ जून २०२४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं मालकानें स्वतः मागितल्यावांचून ही सोय चालू होणार नाहीं, मजकूर सांकेतिक करून ठेविला जाईल, आणि मालकाची ओळख पटल्याशिवाय तो उघडणार नाहीं. नंतर कांहीं दिवसांतच ही सोय पुढें ढकलण्यांत आली. पासवर्ड व कार्डांचे आंकडे गाळण्याची चाळणी तिला जोडण्यांत आली, आणि एप्रिल २०२५ मध्यें ती सर्वसाधारण लोकांस मिळूं लागली. टीका ऐकून सुधारणा केली, ह्याबद्दल कंपनीस श्रेय दिलें पाहिजे. तथापि कुलूप चांगलें बसलें म्हणून पेटींत काय ठेवावें हा प्रश्न मिटत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, "ज्यानें कांहीं वाईट केलें नाहीं, त्यानें नोंदीस कां भ्यावें?" हें बोलणें ऐकावयास धीट वाटतें, परंतु त्यांत विचार थोडा आहे. बाळंतिणीच्या खोलीचें दार लावितात तें आंत पाप चालतें म्हणून नव्हे. आजाऱ्याचें दुखणें, कर्जदाराची अडचण, विधवेचें रडणें, ह्यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं. तरी तीं चारचौघांत मांडण्याचीहि वस्तु नव्हेत. झांकलेलें तें सर्व वाईट, असें मानणारा मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाचा मान ठेवावयास अद्याप शिकला नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

शिवाय मनुष्याच्या मनांत जें जें येतें तें तें त्याचें होत नाहीं. समजा, शेताच्या वांटणीवरून दोघा भावांत बिनसलें. धाकट्यानें रागाच्या भरांत थोरल्यास कठोर पत्र लिहिलें, आणि पाठविण्यापूर्वी पुन्हां वाचून तें पुसून टाकिलें. लिहिलें तो राग होता. पुसलें तो विवेक होता. आतां जें यंत्र दर थोड्या वेळानें पडद्याचें चित्र घेतें, त्याच्या पेटींत तें पुसलेलें पत्र राहूं शकतें. पुढें कोणाच्या हातीं तें लागलें, तर ज्या शब्दांचा त्यानें स्वतः त्याग केला तेच शब्द त्याची साक्ष म्हणून पुढें येतील. कागद फाडून चुलींत घालण्याची जी मोकळीक आपल्या वडिलांस होती, ती मनुष्यास सुधारण्यास लागणारी मोकळीक होती.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. "यंत्र माझें, पडदा माझा, आणि संमतिहि मीच दिली. मग दुसऱ्यानें बोलावें कां?" आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. पडदा आपला असला तरी पडद्यावरील शब्द बहुतकरून दुसऱ्याचे असतात. बहिणीनें विश्वासानें पाठविलेला निरोप, रोग्यानें दाखविलेला तपासणीचा कागद, शेजाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, ह्यांचे मालक आपण नव्हे. आपण त्यांचे ठेवीदार आहों. ठेव ठेवून घेणाऱ्यानें आपल्या एकट्याच्या संमतीनें तिची नक्कल करून ठेवावी काय? सिग्नल नांवाच्या संदेशसेवेंत कांहीं वेळानें आपोआप नाहींसे होणारे निरोप पाठवितां येतात. पाठविणाऱ्याची इच्छा स्पष्टच असते कीं हें राहूं नये. परंतु घेणाऱ्याच्या संगणकावर चित्र टिपलें जात असल्यास ती इच्छा व्यर्थ होते, आणि पाठविणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणूनच मे २०२५ मध्यें सिग्नलनें विंडोज ११ वर आपल्या खिडकीचें चित्र घेतां येऊं नये अशी तजवीज केली. त्या जागीं चित्रांत कोरेंच दिसतें. त्याच वर्षीं ब्रेव्ह ह्या ब्राउझरनेंहि तसेंच केलें.

एका घरांत एकच संगणक असतो, आणि त्याची खूण सर्वांस ठाऊक असते, तेथें तर धोका दाराबाहेरचा राहतच नाहीं. जिला मार सोसावा लागतो अशी स्त्री नवऱ्याच्या यंत्रावरून मदत मागूं लागली, तर तिचा तोच प्रयत्न तिच्यावर उलटूं शकतो. अशा बाईस "तुला लपवावयाचें तें काय?" असें विचारण्याचें धैर्य कोणास होईल?

नोंदीचा उपयोग नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याची स्मरणशक्ति वयानें किंवा दुखण्यानें क्षीण झाली आहे, त्यास कालचें पान आज सांपडावें ही मोठी सोय आहे. मंडळीच्या हिशेबाची नोंद ठेवलीच पाहिजे. तेथें विसरणें हा गुन्हा होय. भेद इतकाच कीं हिशेबाची वही कोणत्या कामासाठीं आहे हें सर्वांस ठाऊक असतें, ती उघडपणें ठेविली जाते, आणि तींत हिशेबापलीकडचें कांहीं लिहिलें जात नाहीं. जी वही सर्वच लिहिते, आणि ज्यांच्याविषयीं लिहिते त्यांस विचारीत नाहीं, ती वही निराळ्या जातीची आहे.

ह्यांत कायद्याचा आधार किती आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें असा निर्णय दिला कीं खाजगीपणा हा मनुष्याचा मूलभूत हक्क आहे, आणि त्याचें मूळ राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीवित व स्वातंत्र्य ह्यांत आहे. पुढें २०२३ सालीं संसदेनें वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु कोणी व्यक्ति आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठीं जी माहिती हाताळिते, तिला तो कायदा लागू नाहीं. हें ठीकच आहे. शिपायानें प्रत्येक घरांत शिरावें असें कोणास वाटेल? पण त्याचा अर्थ असा होतो कीं आपल्या घरच्या यंत्रांत शेजाऱ्याचा जो विश्वास सांठतो, त्याचें रक्षण करणें बहुतांशीं आपल्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोंपविलें आहे.

तेव्हां करावें काय? आमच्या खेड्यांतील बहुतेक संगणक जुने आहेत व त्यांवर रिकॉल चालत नाहीं, हें खरें. परंतु ठेवलेल्या वस्तूंची पेटी तेथेंहि आहे. सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, आधार कार्ड, ह्यांच्या प्रती डाउनलोड्स नांवाच्या फोल्डरमध्यें महिनोन्महिने पडून राहतात, व ब्राउझर आपल्या इतिहासांत पाहिलेलीं पानें नोंदून ठेवितो. म्हणून जे उपदेशक व शिक्षक दुसऱ्यांचे अर्ज भरून देतात, त्यांनीं काम संपतांच ती प्रत पुसावी, टाकलेल्या फायलींची टोपलीहि रिकामी करावी, आणि ज्याचें काम त्यास तसें सांगावें. सेवा केंद्रांत आपली कागदपत्रें दिल्यावर "प्रत पुसली काय?" असें नम्रपणें विचारण्यास कोणीं संकोचूं नये, त्यांत अविश्वास नाहीं, रीत आहे. ज्यांच्याकडे नवीन संगणक आहे त्यांनीं सेटिंग्जमध्यें प्रायव्हसीचा विभाग उघडून कोणती नोंद चालू आहे हें स्वतः पाहावें. रिकॉल बंद करितां येतें, कांहीं अॅप व संकेतस्थळें त्यांतून वगळतां येतात, आणि घेतलेलीं चित्रें पुसतांहि येतात. ज्या यंत्रावर लोकांचीं दुःखें वाचलीं जातात, त्या यंत्रावर तें चालू ठेवूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि तें चालू ठेवावेंसें वाटल्यास, पत्र उघडण्यापूर्वी ज्याचें पत्र आहे त्यास तें कळवावें.

यंत्रास विसरण्याची लाज किंवा आठवण ठेवण्याचा मोह, दोन्ही नाहींत. त्यास जें सांगावें तें तें करितें. विश्वास मनुष्यानें मनुष्यावर टाकिलेला असतो, आणि त्याचा जाबहि मनुष्यासच द्यावा लागतो. पुसावयाचें तें पुसण्याची आज्ञा आपण आपल्या हातानें यंत्रास द्यावी, आणि ती आजच द्यावी, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.