द्वारपाल जागा आहे का?




या वेळी सम्यक् स्मृतीबद्दल बोलायचे आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

गेल्या हिवाळ्यात गावी वडिलांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम होता. मला जाता आले नाही. मी मनोगत लिहून पाठवावे आणि धाकट्या भावाने ते वाचून दाखवावे, असे ठरले. इथे लंडनमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते, गावी पहाटेचे साडेचार. नजर वहीवर होती आणि बोटे कीबोर्डवर. तेवढ्यात स्क्रीनवर एक विंडो आपणहून पुढे आली. अपडेट तयार आहे, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा का, असे ती विचारत होती. मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. परिच्छेद संपला म्हणून एंटर दाबला, आणि तो एंटर माझ्या लेखाला न मिळता त्या विंडोला मिळाला. स्क्रीन काळी झाली. दोन पाने सेव्ह केलेली नव्हती, ती गेली.

त्याच वेळी मुलगी दारात आली. "पप्पा, झोपला नाहीत अजून?" एवढेच तिने विचारले. मी तिच्यावर ओरडलो. ती काही न बोलता परत गेली.

पाने मी पुन्हा लिहिली. तो आवाज मात्र परत घेता आला नाही. नंतर शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या रात्री चोरी दोनदा झाली. आधी एका प्रोग्रामने माझा कीबोर्ड बळकावला, मग क्रोधाने माझे मन बळकावले. तथागतांनी आपल्याला नशिबाला दोष द्यायला शिकवले नाही, कारण शोधायला शिकवले. म्हणून दोन्हींची कारणे पाहू.

आधी यंत्राचे. तुम्ही दाबलेली अक्षरे एका वेळी एकाच विंडोला मिळतात. ज्या विंडोला ती मिळतात, तिच्याकडे फोकस आहे असे म्हणतात. न बोलावता पुढे येऊन हा फोकस घेणे म्हणजेच फोकसची चोरी. हे रोखण्याची सोय कॉम्प्युटरमध्ये आहे. विंडोज ९८ पासून मायक्रोसॉफ्टने यावर बंधन घातले. तुम्ही टाइप करत असताना दुसरा प्रोग्राम पुढे येऊ लागला, तर त्याला सहसा अडवले जाते आणि खालच्या टास्कबारवर त्याचे बटण फक्त लुकलुकते. शेवटची की दाबल्यानंतर हा पहारा किती वेळ ठेवायचा, ते रजिस्ट्रीतील 'फोरग्राउंड लॉक टाइमआउट' ठरवते. ते साधारणपणे २,००,००० मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद असते. तिथे शून्य असेल, तर पहारेकरी झोपला आहे असे समजा. लिनक्सवर केडीई वापरणाऱ्यांना विंडोंच्या सेटिंगमध्ये या बंदोबस्ताच्या पाच पायऱ्या मिळतात. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी जुना आकडा लिहून ठेवा, किंवा जाणकाराला शेजारी बसवा.

पण हा बंदोबस्त पूर्ण नाही. तुम्हीच नुकताच उघडलेला प्रोग्राम उशिरा सुरू होऊन पुढे येऊ शकतो. म्हणून सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा, अपडेटसाठी कामाबाहेरची वेळ ठरवा, लिहिताना अधूनमधून सेव्ह करा. आणि एंटर दाबण्यापूर्वी एकदा स्क्रीनकडे पाहा.

ही शेवटची गोष्ट कोणतेही सेटिंग आपल्यासाठी करत नाही. इथूनच मनाचे काम सुरू होते.

संयुत्तनिकायातील किंसुक सुत्तात भगवान बुद्धांनी सीमेवरच्या एका नगराची उपमा दिली आहे. त्या नगराला भक्कम तट आहे आणि सहा दरवाजे आहेत. दरवाजावर हुशार द्वारपाल आहे. तो अनोळखी माणसाला अडवतो आणि ओळखीच्या माणसाला आत सोडतो. हे नगर म्हणजे आपला देह, सहा दरवाजे म्हणजे डोळे, कान, नाक, जीभ, काया आणि मन. द्वारपाल म्हणजे स्मृती.

लक्षात घ्या, हा द्वारपाल दरवाजे कायमचे बंद करत नाही. खरा निरोप घेऊन आलेल्या दूतांना तो नगराच्या स्वामीकडे जाऊ देतो. आपण परदेशात राहणारे लोक. गावाहून अपरात्री येणारा फोन आपण बंद करू शकत नाही, आणि करूही नये. प्रश्न एवढाच, की आत कोण येणार हे द्वारपाल ठरवतो, की जो धक्का देईल तो.

क्रोधाचेही असेच आहे. तो येणारच. त्याला टास्कबारवर लुकलुकू द्या. 'क्रोध आला आहे' एवढे ओळखा, एक श्वास पाहा, आणि तोवर एंटर दाबू नका. त्या रात्री मी हा एक श्वास घेतला असता, तर दोन पानांवरच निभावले असते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक् स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती असा सांगितला. याच लंडनमध्ये त्यांनी अपुऱ्या पैशांत अभ्यास केला आणि १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या आपल्यासाठी वाचण्या-लिहिण्याचा एक निवांत तास ही लढून मिळवलेली गोष्ट आहे. तो तास कोणत्याही विंडोने सहज हिरावून न्यावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीची माफी मागितली. ती शेजारी येऊन बसली आणि ते सेटिंग तिनेच शोधून दिले.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत आपण सर्वांनी एवढे करून पाहावे. घरातल्या कॉम्प्युटरचा बंदोबस्त मुलांना सोबत घेऊन करावा. आणि रोज रात्री वंदनेनंतर स्वतःला विचारावे: आज न बोलावता कोण पुढे आले, आणि मी कोणाला एंटर दिला?

आपल्या सर्वांचे मंगल होवो.
नमो बुद्धाय! जयभीम!