ठरलेले मोल आणि न्याय्य मोल

आमच्या मंडळीतील एक तरुण शिक्षिका जपानमधील एका लहान शहरात शाळकरी मुलांना इंग्रजी शिकवते. तिथे तिची चार वर्षे पूर्ण झाली असून पाचवे चालू आहे. दर नाताळाला तिचे पत्र येते. त्यात बर्फाची, मुलांच्या खोडकरपणाची, नाताळच्या उपासनेला जमलेल्या मूठभर लोकांची हकीगत असते. यंदाच्या पत्राच्या शेवटी मात्र एक प्रश्न होता : "काका, करारावर मी माझ्या हाताने सही केली आहे. मग पगार कमी पडतो अशी कुरकूर करणे हे पाप आहे का?"

उत्तर लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. दोन माणसांनी राजीखुशीने ठरविलेली मजुरी ही केवळ ठरली म्हणून न्याय्य होते काय, हा फार जुना नैतिक प्रश्न तिच्या चार ओळींत दडलेला होता.

प्रथम तिची परिस्थिती समजून घेऊ. ती शिकवते ती शाळा नगरपालिकेची आहे. पण तिला नोकरीस ठेवले आहे एका खाजगी कंपनीने. जपानमध्ये अनेक शहरांची शिक्षण मंडळे परदेशी साहाय्यक शिक्षक पुरविण्यासाठी निविदा मागवितात आणि बहुधा ज्याची बोली कमी त्याला काम मिळते. कंपनीचा खर्च आणि नफा हे दोन्ही त्याच रकमेतून निघावयाचे, तेव्हा कात्री लागते ती शिक्षकाच्या पगाराला. करार एका वर्षाचा, एप्रिल ते मार्च. ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी, म्हणून त्या महिन्याचा पगार कापलेला. घरभाडे मात्र पूर्ण. पुढील वर्षी कोणत्या शाळेत जावयाचे, किंबहुना जावयाचे की नाही, हे कळते मार्च उजाडता उजाडता.

हे सारे पहिल्यापासून असेच नव्हते. मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जपानी सरकारने बोलाविलेल्या परदेशी तज्ज्ञांपैकी काहींचे वेतन मंत्र्यांच्या बरोबरीचे होते. १९८७ साली सरकारने परदेशी तरुणांना शाळांत आणण्याची 'जेट' ही योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. त्यांना बरे वेतन मिळे आणि आजही या योजनेतील शिक्षकांची स्थिती इतरांहून चांगली आहे. मात्र तिथेही मुक्काम पाच वर्षांपलीकडे जात नाही. खाजगी संभाषणवर्गांत १९९०च्या दशकात महिना सुमारे अडीच लाख येन हा नेहमीचा आकडा होता. आज कंपन्यांच्या कितीतरी जाहिरातींत त्याहून कमी आकडा दिसतो. २०२० साली प्राथमिक शाळेच्या पाचव्या-सहाव्या इयत्तेत इंग्रजी हा रीतसर विषय झाला. काम वाढले, काम करणाऱ्याचे मोल मात्र वाढले नाही.

पगाराइतकेच महत्त्व तासांना आहे. अनेक करारांत आठवड्याचे काम साडेएकोणतीस तास असे लिहिलेले असे. हा अर्धा तास कुठे गेला? पूर्णवेळ कामगाराच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे साधारण तीस तास काम करणाऱ्याला आरोग्यविमा व निवृत्तिवेतनाच्या योजनेत घेणे मालकाला भाग पडे आणि त्या वर्गणीचा निम्मा वाटा त्याला उचलावा लागे. तो टाळण्यासाठी घड्याळाचा अर्धा तास बाजूला काढण्यात आला. कायद्याचे अक्षर पाळून त्याचा आत्मा कसा मारता येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

जोवर सारे सुरळीत चालते तोवर अशा कराराचा अर्थ उघड होत नाही. तो उघड झाला २००७ साली. 'नोवा' ही इंग्रजी संभाषणवर्गांची जपानमधील सर्वांत मोठी साखळी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कोसळली. चार हजारांहून अधिक परदेशी शिक्षक अडचणीत आले. त्याआधीच पगार रखडू लागले होते. काहींच्या पगारातून घरभाडे कापून घेतले गेले होते, पण ते घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते. नोकरीबरोबर डोक्यावरचे छप्परही जाण्याची वेळ आली. तेव्हा कामगार संघटनेने एक मार्ग काढला : शिक्षकाने धडा द्यावा आणि विद्यार्थ्याने त्याला जेवण द्यावे. सही केलेला कागद निरुपयोगी ठरला आणि भाताच्या वाटीने जे सांभाळले ते नाते शिल्लक राहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कराराची बाजू घेणाराचे म्हणणे हलके लेखू नये. तो म्हणेल, "कोणी हिला बळजबरीने नेले नाही. अटी तिने वाचल्या होत्या. दिलेला शब्द पाळणे हाही धर्मच आहे. शिवाय ही मंडळी उपाशी नाहीत; सुशिक्षित आहेत, देश पाहावयास हौसेने आली आहेत. न पटल्यास त्यांनी परत जावे." यात तथ्य आहे. शब्द मोडणे हा सद्गुण नव्हे, आणि खाणीत राबणाऱ्या मजुराच्या दुःखाशी या शिक्षिकेच्या अडचणीची तुलना करणे योग्य होणार नाही.

तरीही हा युक्तिवाद पुरा पडत नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्र काढले, त्यात त्यांनी नेमका हाच मुद्दा हाताळला होता. मालक व कामगार यांनी मजुरी मोकळेपणाने ठरवावी हे त्यांना मान्य होते. पण कोणत्याही करारापूर्वीचा आणि करारापेक्षा मोठा असा एक न्याय आहे, असे त्यांनी बजावले. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह व्हावा एवढे मोल त्याला मिळालेच पाहिजे. गरजेपोटी अथवा अधिक वाईटाच्या भीतीने त्याने त्याहून कमी स्वीकारले, तर ती संमती नव्हे. तो अन्यायाचा बळी होय.

संमतीची पारख कागदावर होत नाही. 'नाही' म्हणण्याची मोकळीक कोणाला किती, यावर होते. कंपनीने 'नाही' म्हटले तर तिला दुसरा अर्जदार मिळतो. शिक्षिकेने 'नाही' म्हटले तर तिचे घर, मुक्कामाचा परवाना आणि चार वर्षांची ओळखीची माणसे पणास लागतात. पहिल्या वर्षीची सही कदाचित हौसेची असेल. पाचव्या वर्षीची सही गरजेची असते. जपानच्या कायद्यात २०१३पासून अशी तरतूद आहे की, एकाच मालकाकडे मुदतीच्या करारांची पाच वर्षे ओलांडली की कामगाराला मुदतबंद नसलेली नोकरी मागता येते. म्हणूनच काही मालक पाचव्या वर्षाच्या अखेरीस करार संपवितात. आमच्या शिक्षिकेचे पाचवे वर्ष येत्या मार्चमध्ये संपते.

येथे कोणी द्राक्षमळ्याच्या दाखल्याकडे बोट दाखवील : धन्याने ठरल्याप्रमाणे एक नाणे दिले, मग तक्रार कसली? पण तो दाखला नीट वाचावा. त्यातील धनी कराराच्या खाली कोणालाही उतरवीत नाही. उलट अखेरच्या तासाला आलेल्यालाही तो दिवसभराच्या निर्वाहाचे मोल देतो. करार ही त्याच्या लेखी पायरी होती, छत नव्हते. कराराच्या आडून मोल कापणारा माणूसही पवित्र शास्त्रात आहे, पण तो वेगळा. तो लाबान. परक्या देशातून आलेल्या याकोबाची मजुरी त्याने दहा वेळा बदलली. आणि मोशेच्या नियमशास्त्राने मजुराचे मोल त्याच दिवशी देण्यास सांगितले, ते देताना तो आपला असो की वेशीच्या आतला परका असो, हा भेद मान्य केला नाही.

मग दोष कोणाचा? शिक्षण मंडळ निविदेच्या नियमाकडे बोट दाखविते, कंपनी स्पर्धेकडे, आणि करदाता आपल्या कराकडे. सर्वांत विपरीत गोष्ट अशी की, कंत्राटी पद्धतीने आलेल्या शिक्षकाला वर्गातील जपानी शिक्षकाने थेट सूचना देणे हेही नियमबाह्य ठरते, कारण तो शाळेचा नोकर नव्हे. एकाच फळ्यापुढे दोघे उभे, पण उद्याचा धडा कसा घ्यावा हे एकमेकांशी ठरविण्याची रीतसर मुभा नाही. जबाबदारीचे असे तुकडे केले की कोणाच्याही हाताला अन्यायाचा डाग लागत नाही. अन्याय मात्र पुरता घडतो. आणि याची झळ केवळ परक्यांना लागते असेही नाही. जपानमधील नोकरदारांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक कायम नोकरीच्या बाहेर आहेत.

सुधारणा अशक्य नाही. त्या देशातील मजूर चळवळीचा पाया घालणाऱ्यांत ख्रिस्ती माणसे होती. १९१२ साली 'युआयकाई' ही संघटना स्थापणारे सुझुकी बुंजी ख्रिस्ती होते. कोबेच्या झोपडवस्तीत राहिलेले तोयोहिको कागावा १९२१ साली तेथील गोदी कामगारांच्या संपाच्या अग्रभागी होते. तेच कागावा १९३८ साली मद्रासजवळच्या तांबरम येथील जागतिक मिशनरी परिषदेस आले होते. आज परदेशी शिक्षकांनाही तेथे संघटना करता येते. साडेएकोणतीस तासांची पळवाटही हळूहळू बुजत आहे : २०१६ साली मोठ्या कंपन्यांत आणि २०२४पासून ५१ किंवा अधिक कामगारांच्या कंपन्यांत आठवड्याला वीस तास काम करणारेही ठरावीक अटींवर विम्याच्या कक्षेत आले.

येथवर लिहून मी थांबलो, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षे मी एका मिशन शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर होतो. आम्ही इंग्रजीच्या एका शिक्षिकेला जूनमध्ये नेमीत असू आणि एप्रिलअखेर मुक्त करीत असू. मे महिन्याचा पगार वाचे. अशी सहा वर्षे गेली. तिने एकदा चाचरत विचारले तेव्हा, "बाई, ही प्रभूची सेवा आहे," असे उत्तर आम्ही दिले. मीही मान डोलावली. सेवा तिची होती आणि बचत आमची, हे मला त्या वेळी दिसले नाही. महाराष्ट्रात २००० साली सरकारने 'शिक्षण सेवक' नेमण्यास प्रारंभ केला. तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काम, आणि नावात पुन्हा 'सेवक'! सेवा हा शब्द जो स्वतःविषयी उच्चारतो त्याच्या मुखी तो शोभतो. दुसऱ्याचा पगार ठरविताना तो उच्चारू नये.

जपानला पत्र धाडले. लिहिले : "मुली, दिलेला शब्द वर्ष संपेपर्यंत पाळ, मुलांना मन लावून शिकव. पण न्याय्य मोल मागणे हे पाप नव्हे. तेथील संघटनेकडे जा, कायदा विचारून घे, आणि मार्चपूर्वी मागणी लेखी कर. सही तू केलीस म्हणून न्याय करण्याची त्यांची जबाबदारी सरत नाही."

दुसरे पत्र लिहिणे अधिक कठीण गेले. ते त्या मिशन शाळेच्या व्यवस्थापक मंडळाला होते, आणि त्यात मी सहा मे महिन्यांचा हिशेब मागितला आहे. त्या सहा ठरावांखाली इतरांबरोबर माझीही सही आहे, हेही त्यात नमूद केले आहे.